शिवणाच्या खोलीतलं टेबल : डिसेंबर ते जुलै

३ डिसेंबर २०२४

अक्काकडं जाऊन खोली मोजून आलो. गाव किल्लारीजवळचं, भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जुनं गाव पडलं. पुनर्वसनात ज्याची जेवढी जमीन त्या हिशेबानं २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. अक्काच्या सासरचं घर २५० मधलं. दाजींनी मागं पत्र्याचं स्वयंपाकघर काढलं तेव्हा कुठं पुढची खोली शिवणाला मोकळी झाली.

खोली आतून १० फूट बाय ११ फूट. दार ३ फुटी. खिडकी एक, पूर्वेला. खाली शहाबादी फरशी. एवढ्यात चौघी बसतात : अक्का, तिच्या सासूबाई (मी त्यांना मावशी म्हणतो), धाकट्या जाऊबाई आणि शेजारची बारावी झालेली पोरगी. पायाच्या काळ्या मशिनी दोन, दोन्हींना मोटर बसवलेली. एक जुकी, म्हणजे कारखान्यात असतं तसं जलद मशीन, तिचं टेबल ४८ इंची. एक इंटरलॉक, कापडाच्या कडा बांधायची. कटिंग जमिनीवर, सतरंजी टाकून.

अक्काचं म्हणणं सरळ होतं. "कापायला टेबल पायजे, पण टेबल ठेवायला जागा नाही. तू सुतार हाईस, तूच सांग."

मी टेप लावायला लागलो तर मावशी म्हणाल्या, "काय मोजलालास रे? मोजून खोली मोठी होती का?"

मशिनींची मापं घेतली. चारही मिळून वीस-बावीस चौरस फूट भरतात. खोली ११० ची. म्हणजे मशिनींनी पाचवा हिस्सा घेतला. बाकीची जागा कुठं गेली हे बघायला मी दारात नुसता उभा राहिलो. मशिनीखाली पिशव्या, खिडकीत पिशव्या, खुंटीला पिशव्या, खुर्चीवर कापडाचा ढीग, जुकीच्या टेबलाच्या उजव्या अर्ध्यावर अर्धवट शिवलेले परकर. लगीनसराई सुरू झालेली. प्रत्येक ब्लाऊजचं एक गठुडं : कापड, अस्तर, मापाचं ब्लाऊज, वर चिठ्ठी. मोजली. सत्तेचाळीस भरली.

वहीत लिहिलं ते असं : जागा मशिनी खात नाहीत, थांबलेलं काम खातंय.

५ डिसेंबर

घडीचं टेबल करायचं हे डोक्यात होतंच. भिंतीला बिजागरीनं टांगलेला पाट हा सगळ्यात स्वस्त उपाय, माझ्याकडं लोक तोच मागतात. पण त्यानं फक्त कापायची जागा मिळते. सत्तेचाळीस गठुडी जिथं होती तिथंच राहतात, आणि पाट उघडायचा म्हटलं की आधी त्याच्याखालचं सगळं उचलून दुसरीकडं टाकायचं. आठ दिवसांत तो पाट कायमचा उघडा राहील आणि त्याच्यावरही गठुडी साचतील. असं होताना मी दोन घरांत बघितलंय.

म्हणून उलटं धरायचं. आधी कपाट. त्याच कपाटाचा माथा म्हणजे टेबल.

९ डिसेंबर

पहिला आराखडा : मध्ये १६ इंच जाडीची पेटी, ३६ इंच लांब. दोन्ही अंगाला २६-२६ इंचांची लोंबती पानं. दोन्ही उचलली की ६८ बाय ३६ चं टेबल, सोडली की साडेअठरा इंचांत मावतं. कागदावर फार सुंदर दिसत होतं. फ्रीजच्या खोक्यांचा पुठ्ठा आणि बॅटन (लाकडी पट्ट्या) वापरून खऱ्या मापाचा सांगाडा केला आणि दाजींच्या टेम्पोतून गावी नेला.

पोरीनं पाच मिनिटांत चूक काढली. पान खाली सोडलं की पेटीचं तोंड झाकतं. गठुडं काढायचं तर पान उचला, पान उचललं तर माणूस आत वाकणार कसा? टेबल बंद असताना, म्हणजे दिवसातला बहुतेक वेळ, सामान कोंडलेलं. दोन पानांची टेबलं जेवणाला चालतात, कारण ताट-वाट्या त्यांच्या पोटात नसतात.

पुठ्ठ्याचे दोनशे रुपयेही गेले नाहीत. हीच चूक प्लायवर कळली असती तर दोन शीट गेले असते.

आता एकच पान, आणि तेही मागच्या बाजूला, भिंतीकडं. पुढचं तोंड कायम उघडं. पेटी लांब करायची, ६० इंच. खोलपणा १८. वरचा पाट १९ इंच आणि पान १७, मिळून ३६. बंद असताना भिंतीलगत ६० बाय २०, म्हणजे सव्वाआठ चौरस फूट. खाली चाकं. कापायच्या वेळी पुढं ओढायचं, मागचं पान उचलायचं.

३६ का? ब्लाऊजची बरीचशी कापडं ३६ ते ४४ पन्ह्याची, गणवेशाचं ५८. कापताना दुहेरी घडी घालतात, तेव्हा ५८ चं २९ होतं, ४४ चं २२. ३६ मध्ये घडी घातलेलं सगळं बसतं आणि कात्रीच्या हाताला कडेला जागा उरते. त्याहून रुंद केलं तर समोरच्या कडेपर्यंत हात पोचत नाही, वाकावं लागतं, आणि वाकणंच तर बंद करायचंय.

लांबी ६० ठेवण्याला अजून एक कारण आहे. शिंप्याची टेप ६० इंचांची असते. त्याबद्दल पुढं.

१४ डिसेंबर

आज फक्त कोपरं मोजली. चौघींना अनवाणी उभं केलं, कारण त्या खोलीत अनवाणीच वावरतात, आणि हात दुमडायला लावून फरशीपासून कोपरापर्यंत माप घेतलं. मावशी ३६, जाऊबाई साडेछत्तीस, अक्का ३८, पोरगी ३९.

कापायचं टेबल कोपराच्या दोन ते चार इंच खाली असावं. त्याहून उंच झालं तर कात्री धरताना खांदा वर जातो, खाली गेलं तर कंबर वाकते. शिवायच्या मशीनचं टेबल बसून वापरायचं, ते २८ ते ३० इंच. बाजारात तयार मिळणारी टेबलं ३० इंच उंच असतात, अभ्यासाची म्हणा की ऑफिसची, आणि लोक तीच कटिंगला घेतात. उभ्यानं कापायला ती चार इंच खुजी पडतात. दिवसभर तेवढं वाकून राहिलं की संध्याकाळी पाठ बोलते.

३४ ठरवलं. अक्का आणि जाऊबाईंना नेमकं, पोरीला इंचभर खाली, पण चालण्यासारखं. मावशी कापत नाहीत, त्या हूक, तुरपाई, काज बसून करतात.

१७ डिसेंबर

गठुड्यांचा हिशेब. आज अक्का कसं काम करते ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत बघत बसलो. मधे दोनदा चहा झाला, तेवढं सोडलं तर मी नुसता बघत होतो.

दिवसभरात तिनं अकरा वेळा गठुडी उपसली. प्रत्येक वेळी शोध एकच : उद्या कुणाचं द्यायचंय? गिऱ्हाइकाच्या नावानं ती शोधतच नव्हती. नाव तिला पाठ असतं, गठुड्याच्या गाठीवरूनही ती ओळखते. सापडत नव्हता तो वार.

मी आधी प्रत्येक गिऱ्हाइकाला एक असे बारीक कप्पे काढले होते, पोस्टातल्या टपालाच्या कप्प्यांसारखे. ते खोडले. पोरगी म्हणाली, "दादा, वारावर लावा की. सोमवारचं सोमवारात." हेच बरोबर. सात वारांचे सात कप्पे. रोज सकाळी आजच्या वाराचा कप्पा उघडायचा, तो रिकामा झाला की दिवस संपला.

कप्प्याचं माप गठुड्यावरून काढलं. सरासरी गठुडं ९ बाय ७ इंच, जाडी ३. कप्पा सव्वादहा इंच रुंद आणि साडेबारा उंच केला तर एकावर एक चार बसतात, आत मागं-पुढं दोन. म्हणजे कप्प्यात आठ, सातांत छप्पन्न. आजच्या सत्तेचाळिसाला पुरून उरतात.

कप्पे चार वर, चार खाली, म्हणजे आठ होतात. आठवा कशाला, असं मी विचारायच्या आत अक्का म्हणाली, "अडलेल्याला." अस्तर आणून दिलं नाही, माप द्यायला आली नाही, लेस पसंत पडली नाही. असली कामं बाकीच्यांत मिसळली की सगळा हिशेब बिघडतो. आठवा कप्पा अडलेल्याचा.

उजव्या अंगाला १५ इंचांचा उभा पट्टा उरतो. त्यात ड्रॉवर तीन : वर बॉबिन आणि रिळं, मधे हूक-बटण-चेन, खाली कात्र्या, खडू, टेपा. सगळ्यात खाली कातरणाची पेटी, तिला ड्रॉवर नाही, नुसती ओढून काढायची. चिंध्या मावशी गोधडीला ठेवतात, त्या फेकायच्या नाहीत हे मला दोनदा बजावून सांगितलं.

२१ डिसेंबर

प्लाय आणलं. १८ मिलिमीटरचे, म्हणजे सहा सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), दोन शीट आणि १२ मिलिमीटरचं एक. ८ बाय ४ च्या शीटमधून ६० बाय ३६ चा माथा सलग निघतो, आणि त्याच तुकड्यातून पाट व पान फाडलं की दोन्हीचे दोरे, म्हणजे लाकडाच्या रेषा, जुळतात.

मागच्या वर्षी एका दुकानातून "वॉटरप्रूफ" म्हणून घेतलेलं प्लाय पहिल्या पावसात फुगलं होतं. तेव्हापासून माझी सवय : तळहाताएवढा तुकडा कापून घ्यायचा, घरी पातेल्यात उकळायचा. शिक्का बघायचाच, आयएस ३०३ (भारतीय मानक) आणि त्यावर बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारं. पण शिक्का बघूनही उकळायचा. या वेळचा तुकडा चार तास उकळला, कड नखानं ओढली, थर सुटला नाही.

३० डिसेंबर

वेळ अमावस्या. लातूरचा बाजार बंद, कारखान्यांवर माणूस नाही, सगळा जिल्हा शिवारात. आम्हीही अक्काच्या शेतात होतो. कडब्याच्या कोपीत पांडव मांडलेले, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. कामाला सुट्टी, पण नोंद लिहायची, कारण आजच कामाचं सगळ्यात मोठं बोलणं झालं.

मी मावशींना कप्प्यांचं चित्र दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हे तर कोनाडे हाईत."

मग जुन्या घराचं सांगत बसल्या. माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, दगड-मातीच्या भिंती दोन-दोन हात जाड. भिंतीतच कोनाडे काढलेले. एकात दिवा, एकात मिठा-तिखटाचं, एकात सुई-दोरा. त्यांच्या सासूबाई चोळ्या शिवायच्या, हातानं. कापलेली चोळी या कोनाड्यात, टाचलेली त्या कोनाड्यात. घरभर पसारा कधी नसायचा, कारण भिंतीच सामान सांभाळायच्या. त्याच भिंती, तेच माळवदाचं ओझं त्या पहाटे अंगावर आलं. हे त्या बोलल्या नाहीत, आंबिलीचा लोटा हातात धरून थांबल्या.

नव्या घरांच्या भिंती पातळ, सिमेंटच्या. त्या तशाच असायला पाहिजेत. पण त्या भिंतींत ठेवायला काही जागा नाही, आणि गेली तीस वर्षं या घरांतलं सामान जमिनीवर आणि खुंटीला आहे. मी लातुरात एवढी कपाटं केली, पण लोक कपाट मागतात तेव्हा नेमकं काय हरवलेलं मागतात ते मला आज कळलं.

कप्प्यांना दारं लावायचा विचार होता. सोडून दिला. कोनाड्याला दार नसतं.

७ जानेवारी २०२५

पेटी उभी झाली. गुण्या लावून चारही कोपरे तपासले, मग कर्ण मोजले, एका सुताचा फरक निघाला तो शिकंजा लावून काढला. कप्प्यांच्या आडव्या-उभ्या पाट्या १२ मिलिमीटरच्या, एकमेकींत खाचा पाडून बसवल्या. माथ्याखाली ३ इंचांची फट मुद्दाम सोडलीय, त्यात इस्त्रीचा पाट डावीकडून ओढून बाहेर येतो. १६ बाय ४० चा आहे, २६ इंच बाहेर येतो, १४ आत राहतो म्हणून उचकटत नाही.

इस्त्रीच्या पाटावर मायका लावायचा नाही, तापून सुटतो. जुन्या घोंगडीचे दोन थर आणि वर मांजरपाट ताणून खिळवला. लोकर वाफ पिते आणि गरम इस्त्री ठेवली तरी लगेच पेट घेत नाही, म्हणून शिंपी पूर्वीपासून घोंगडीच घेत आलेत.

ड्रॉवर सागाचे केले. जानेवारीत हवा कोरडी आहे, लाकूड आकसलेलं आहे. आत्ता नेमके बसवले तर जुलैत अडकतील. दोन्ही बाजूंना एकेक सूत मोकळं सोडलं.

१२ जानेवारी

वाईट दिवस. पानाला आधार म्हणून पेटीच्या मागं दोन ब्रॅकेट बसवले होते, भिंतीच्या फळीला असतात तसे. पान उचललं, छान सपाट बसलं. मग मी कापणाऱ्या बाईसारखा दोन्ही हात पानाच्या कडेवर टेकून पुढं झुकलो. पुढची चाकं इंचभर उचलली गेली आणि तिन्ही ड्रॉवर धाडकन मागं सरकले.

हिशेब आधीच करायला पाहिजे होता. पान चाकांच्या रेषेच्या बाहेर १७-१८ इंच जातं. पेटी रिकामी असताना पन्नास-पंचावन्न किलो, तिचा भार मध्यावर, म्हणजे मागच्या चाकांपासून ९ इंच आत. टोकावर तीस किलोचा जोर आला की तोल जवळजवळ बरोबरीला येतो. कप्पे भरलेले असतील तर टेबल उलटणार नाही, पण शनिवारी संध्याकाळी कप्पे रिकामे असणार आणि घरात लेकरं आहेत. एखादं पानावर चढून बसलं की टेबल त्याच्यावर.

ब्रॅकेट काढून टाकले.

१५ जानेवारी

ब्रॅकेटच्या जागी दोन फाटकं. प्रत्येक फाटक सागाच्या चौकटीचं, १४ इंच रुंद, पेटीच्या पाठीला बिजागरीनं जोडलेलं, आणि त्याचा बाहेरचा पाय थेट जमिनीपर्यंत. बंद असताना फाटक पाठीला चिकटून राहतं, वरून पान त्याला झाकतं. उघडताना पान एका हातानं उचलायचं, दुसऱ्या हातानं फाटक बाहेर ओढायचं. आता जोर चाकांवर येतच नाही, पायातून जमिनीत जातो. मी स्वतः पानाच्या कडेवर बसलो. हललं नाही.

शहाबादी फरशी कुठंच पाणसळीला लागत नाही, म्हणून पायांच्या तळाला बोल्ट घातला, फिरवला की पाव-अर्धा इंच वर-खाली होतो. त्याच्या डोक्याला रबराचं बूच.

काल संक्रांत होती. अक्कानं तिळगुळाबरोबर फोनवर विचारलं, टेबल कधी. आठवड्यानं म्हणालो.

१९ जानेवारी

आजचा दिवस सगळा कडांवर गेला, आणि या कामातलं मला सगळ्यात जास्त आवडलेलं हेच.

सुताराला कड गुळगुळीत वाटली म्हणजे ती कापडाला गुळगुळीत असतेच असं नाही. तळहाताची कातडी जाड असते. रेशमाचा दोरा प्लायच्या एका केसाएवढ्या कुसळावर अडकतो आणि कापडात आडवी रेघ ओढली जाते. लग्नाचं ब्लाऊज असेल तर शिलाई सोडा, कापडाचे पैसे भरून द्यावे लागतात. म्हणून बायकोची जुनी जॉर्जेटची ओढणी घेतली. डोळे मिटून, ओढणी दोन बोटांत सैल धरून, टेबलाच्या प्रत्येक कडेवरून सावकाश ओढत गेलो. जिथं अडली तिथं खडूची खूण. पहिल्या फेरीत तेवीस खुणा झाल्या. कडांना सागाची पट्टी होती तरी. पॉलिश पेपर आधी १२०, मग २२०, मग परत ओढणी. दुसऱ्या फेरीत सहा. तिसऱ्या फेरीत एक, आणि ती लाकडाची नव्हती, बिजागरीच्या एका स्क्रूचं डोकं वर राहिलं होतं.

पाट आणि पान यांच्या सांध्याचा प्रश्न वेगळा. तिथं पियानो बिजागरी आहे, पूर्ण ६० इंच. कात्रीचं खालचं पातं टेबलावर घासत चालतं. सांध्यात फट असली की टोक तिथं अडतं आणि कापड वाकडं कापलं जातं. म्हणून बिजागरी खालून, खाच पाडून बसवली, आणि दोन्ही कडा रंधा मारून एकमेकींना अशा भिडवल्या की पोस्टकार्ड आत जात नाही. त्यावर कात्री घासून बघितली, ठेच लागत नाही.

मायका मोतिया रंगाचा, बिनचकाकीचा. चकचकीत मायक्यावर कापड घसरतं, आणि ट्यूबचा उजेड डोळ्यांत येतो. पांढराशुभ्र घेतला तर पांढरा खडू दिसत नाही.

आणि टेप. खोलीतल्या चार टेपा मागवून घेतल्या आणि स्टीलच्या पट्टीशेजारी मांडल्या. ६० इंचांवर दोन टेपा जवळपास बरोबर, एक दोन सूत लांब, एक तीन सूत. कापडी टेप ओढून ओढून ताणते. एकीनं माप घेतलं आणि दुसरीनं दुसऱ्या टेपेनं कापलं की ब्लाऊज का चुकलं ते कुणालाच कळत नाही. पुढच्या कडेवर मिलिमीटरभर खाच पाडून फायबरची नवी टेप चिकटवली, शून्यापासून साठपर्यंत टेबलाच्या लांबीइतकी. रोजच्या टेपा आठवड्याला तिच्याशी लावून बघायच्या. ताणलेल्या दोन्ही टेपांनी आता गठुडी बांधतात.

२३ जानेवारी

टेबल पोचलं. दारातून उभं काढावं लागलं नाही, ३ फुटांत आरामात गेलं. आधी सगळी गठुडी अंगणात बाजेवर काढली, खोली झाडली, मग टेबल दक्षिणेच्या भिंतीला लावलं. गठुडी वारावार लावायला चौघींना अर्धा तास लागला. सगळी आत गेल्यावर खोलीची फरशी दिसली. जाऊबाई म्हणाल्या, "इथली फरशी फुटलीय हे मला म्हाईतच नव्हतं."

संध्याकाळी अक्कानं पहिलं कापड उभ्यानं कापलं. हिरवी इरकल, किनार राखून. मी शेजारी उभा होतो. कात्री सांध्यावरून गेली तेव्हा माझा श्वास थांबला होता. कात्री सरळ गेली.

खर्च : प्लाय, साग, मायका, चाकं, बिजागऱ्या, चॅनेल धरून सामानाचे साडेतेरा हजार. मजुरी अक्काकडून घेतली नाही, पण दुसऱ्यासाठी करायचं म्हटलं तर नऊ दिवसांची धरावी लागेल.

२ मार्च

महिन्यानं परत गेलो. टेबल सकाळी दहाच्या सुमारास ओढतात, बारापर्यंत दोघी समोरासमोर उभ्या राहून दिवसभराचं कापून घेतात, मग पान सोडून भिंतीला. दुपारी वरच्या पाटावर फक्त इस्त्री झालेले कपडे. लाइट जायची वेळ बघून कापणं त्या वेळेवर टाकतात, कारण कात्रीला वीज लागत नाही, मशिनींना लागते. हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

बिघाड एकच. चाकं जाम झाली होती. उलटं करून बघितलं तर आसाभोवती रंगीबेरंगी दोरा गुंडाळून घट्ट नळकांडी झालेली. शिवणाच्या खोलीत जमिनीवर दोरा पडणारच आणि फिरतं चाक तो ओढणारच. चाकू लावून कापून काढला. बाजूनं झाकलेली चाकं मिळतात, पुढच्या वेळी तीच. पेटीच्या खालच्या कडेला जुन्या स्पीकरचं लोहचुंबक बसवून दिलं, टाचण्या आणि मोडक्या सुया त्याला चिकटतात. अनवाणी पायांच्या खोलीत हे पहिल्या दिवसापासून पाहिजे होतं.

१८ जून

शाळा सुरू झाल्या. गणवेशाचं काम आलं, आणि टेबलाची खरी परीक्षा. गणवेशाचं गठुडं नसतं, थप्पी असते : पन्नास बाह्या, पन्नास कॉलर, पन्नास पाठी. वारांचे कप्पे इथं उपयोगाचे नाहीत. मी गेलो तेव्हा पोरीनं वारांच्या चिठ्ठ्या काढून त्यावर खडूनं लिहिलं होतं : बाही, कॉलर, पाठ, खिसा, पट्टी. कप्पे तेच. एकीनं कापून कप्प्यात टाकायचं, दुसरीनं कप्प्यातून उचलून शिवायचं. मधे कुणी उठत नाही. गणवेश संपले की परत वार.

दारं लावली नाहीत ते किती बरं झालं.

२० जुलै

पाऊस लागून आहे. मधला ड्रॉवर घट्ट झाला होता. सुताची मोकळीक पुरली, पण तळाची पट्टी फुगली होती. मी रंधा काढेपर्यंत मावशींनी मेणबत्तीचा तुकडा आणून पट्टीला घासला. ड्रॉवर सुटला. रंधा परत पिशवीत.

त्याच गावातून अजून दोघींनी टेबल विचारलंय. त्यासाठी बदल लिहून ठेवतो. चाकं झाकलेली. चुंबक सुरुवातीपासून. इस्त्रीच्या पाटाच्या बाजूला वायरीसाठी आकडा, नाहीतर वायर कप्प्यांवरून लोंबते. अडलेल्याचा कप्पा दुप्पट, तो कायम ओसंडून वाहतो.

आणि रविवारचा कप्पा. रविवारी कुणाचं काही द्यायचं नसतं, म्हणून तो रिकामा असायचा. आज त्यात मावशींचा चष्मा, सुयांची डबी, गोधडीचा ठिगळ जोडलेला एक कोपरा आणि बांगड्यांचं रिकामं खोकं होतं. अक्का म्हणाली, गेले तीन महिने हे असंच आहे, तिथं दुसरं कुणी काही ठेवत नाही. नव्या दोन्ही टेबलांत कप्पे नऊ करायचे. पाटाखालची फट अडीच इंचांवर आणली की उंचीत बसतात का, ते उद्या आखून बघतो.